मोन लोकांच्या किनाऱ्यावरून

ब्रह्मदेश म्हटलं की मराठी माणसाला दोन जागा आठवतात. एक मंडाले, जिथल्या तुरुंगात लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ ही वर्षं काढली. दुसरी रत्नागिरी, जिथे मंडालेचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी आणून ठेवलं आणि जिथे तो १९१६ मध्ये वारला. माझं माहेर रत्नागिरीचं, त्यामुळे थिबा राजवाडा मी लहानपणापासून पाहिलेला. पण हे दोन्ही धागे उत्तर ब्रह्मदेशाचे. त्याच देशाचा दक्षिणेकडचा किनारा, मोत्तमाच्या आखाताला लागून खाली उतरणारी पट्टी, वेगळ्याच लोकांची आहे. ते मोन लोक. त्यांच्या नावाचं 'मोन राज्य' आज म्यानमारच्या नकाशावर आहे आणि मॉलम्याइन ही त्याची राजधानी. २०१९ च्या फेब्रुवारीत नवरा आणि मी गेलो, तेव्हा मंडाले-बगानचा नेहमीचा रस्ता सोडून आम्ही मुद्दाम इकडे वळलो.

मोन लोकांबद्दल थोडं आधीच सांगते, कारण ते माहीत नसेल तर या भागात फक्त पॅगोडे आणि नारळाची झाडं दिसतात. ब्रह्मी लोक उत्तरेतून खाली येण्याच्या आधीपासून मोन लोक या किनाऱ्यावर आणि आजच्या थायलंडमध्ये राहत होते. दक्षिण भारतातून गेलेली लिपी त्यांनी आपल्या भाषेला जुळवून घेतली आणि आज ब्रह्मी भाषा जी लिपी वापरते, ती त्यांच्याकडूनच आली. बगान ही ब्रह्मी राजांची जुनी राजधानी, तिथे १११३ च्या सुमाराचा म्याझेदी शिलालेख आहे. त्यावर एकच मजकूर पाली, प्यू, मोन आणि ब्रह्मी अशा चार भाषांत कोरलेला आहे. म्हणजे त्या दरबारात मोन भाषेला मानाची जागा होती. पुढे बगो इथलं मोन राज्य १७५७ मध्ये ब्रह्मी राजा अलाउंगपयाने बुडवलं आणि हजारो मोन कुटुंबं सयामला पळून गेली. त्यानंतर मोन लोकांचं स्वतंत्र राज्य झालं नाही. जे उरलं ते बोलीत, विहारांत आणि घराघरांत. मला तेच पाहायचं होतं.

तयारी फारशी अवघड नव्हती. ई-व्हिसा घरबसल्या मिळाला, २८ दिवसांचा. डॉलरच्या नोटा मात्र कोऱ्या करकरीत लागतात. घडीची रेघ असली तरी यांगूनचा पैसे बदलणारा नोट परत करतो, म्हणून आम्ही त्या पुठ्ठ्यात घालून नेल्या. दुसरी गोष्ट म्हणजे परदेशी पाहुणे ठेवायचा परवाना सगळ्या गेस्टहाउसकडे नसतो. छोट्या गावात उतरायचं ठरवलंत तर आधी फोन करून हे विचारून घ्यावं, नाहीतर संध्याकाळी सामान उचलून पुढच्या गावाची बस शोधावी लागते.

यांगूनहून बसने लवकर पोचता येतं, तरी आम्ही आगगाडीने गेलो आणि तुम्हालाही तेच सांगेन. रूळ मीटर गेजचे, जुने. गाडी पुढे जाते तितकीच वरखालीही होते. खिडक्या उघड्या असतात आणि बांधावरच्या फांद्या आत येऊन अंगाला लागतात. डोक्यावर परात घेतलेल्या बायका हलत्या डब्यातून तोल सांभाळत फिरतात. परातीत लावीची उकडलेली अंडी, भजी, चिकट भात. बगो गेलं, सित्ताउंग नदीचा पूल ओलांडला आणि बाहेरचं दृश्य बदलत गेलं. तांबडी माती, नारळ, सुपारी, फणस, मधूनच रबराच्या बागा, पाठीमागे डोंगरांची रांग. गुहागरच्या बाजूला उतरल्यासारखं वाटलं. पाऊसही इथे तसाच येतो, नैर्ऋत्येकडून, आणि मॉलम्याइनला वर्षाकाठी साडेचार हजार मिलिमीटरच्या वर पडतो.

पहिला मुक्काम च्याइक्तियो. सोनेरी शिळा म्हणून जिचे फोटो सगळीकडे दिसतात ती ही जागा. डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंच. कड्याच्या अगदी टोकावर प्रचंड धोंडा टेकलेला, त्यावर छोटासा पॅगोडा. बुद्धाच्या केसामुळे तो तोललेला राहतो, अशी श्रद्धा आहे. पायथ्याला किनपुन गाव. तिथून वर जायला उघडे ट्रक असतात, मागे आडव्या फळ्या टाकलेले. एका फळीवर सहा माणसं बसल्याशिवाय ट्रक हलत नाही. चढायला लोखंडी जिना आहे, कारण ट्रकचा काठ छातीइतका उंच. आमच्या फळीवर बगोकडचं एक कुटुंब होतं. त्यातल्या आजीने माझा हात जो धरला तो वर पोचेपर्यंत सोडला नाही, आणि त्या वळणांवर मला त्याची गरजही होती. ट्रक घाटात वेग घेतो, वळणावर सगळे एका अंगाला कलतात, मग दुसऱ्या, आणि सगळी मंडळी मोठ्याने हसतात.

वर चपला काढून फरसबंदीवर चालायचं. संगमरवर उन्हाने तापलेला असतो, म्हणून पहाटे किंवा संध्याकाळी जावं. शिळेकडे जाणाऱ्या छोट्या पुलाशी फाटक आहे आणि तिथे बायकांना थांबवतात. शिळेला हात लावायचा, सोन्याचा वर्ख चिकटवायचा, हे फक्त पुरुषांनी. मला हे आधी माहीत होतं, तरीही फाटकापाशी उभं राहिल्यावर राग आला. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना २०१६ मध्ये जाता आलं, तेही कोर्ट आणि आंदोलनानंतर. इथे त्या वाटेची सुरुवातही दिसली नाही. माझ्या शेजारी साठ-सत्तर बायका गुडघे टेकून बसल्या होत्या. वर्खाचा तो बोटभर रुंदीचा चौकोन दोन कागदांत ठेवलेला असतो. प्रत्येकीने आपला चौकोन आधी कपाळाला लावला, मग मुलाच्या, नवऱ्याच्या, भावाच्या हातात दिला. मीही दिला. वर्ख इतका पातळ की नवऱ्याने कागद उघडताच वाऱ्याने त्याचा कोपरा उडाला, उरलेला त्याने अंगठ्याने दाबून शिळेवर बसवला. जागा सुंदर आहे, लोकांचा भाव खरा आहे, आणि नियम चुकीचा आहे. मला तिन्ही एकदमच जाणवलं आणि मी तिथून ते तसंच घेऊन निघाले.

रात्र आम्ही वरच काढली. यात्रेकरू आवारात चटया टाकून झोपतात, मेणबत्त्या जळत राहतात, कुणीतरी पुटपुटत पाठ म्हणत असतं. पहाटे तीन-चारलाच पुन्हा लगबग.

थातोनला आम्ही फक्त काही तास थांबलो. मोन लोकांची जुनी राजधानी म्हणून या गावाचं नाव मोठं. १०५७ मध्ये बगानच्या अनोरथा राजाने इथल्या मनुहा राजाला पकडलं आणि त्रिपिटकाच्या पोथ्यांसह नेलं, अशी परंपरेची कथा आहे. ती नंतर रचली गेली असं म्हणणारे इतिहासकारही आहेत. आज तिथे श्वेझायान पॅगोडा, शांत रस्ते आणि चहाची दुकानं आहेत. पॅगोड्यातल्या जुन्या शिलालेखांसाठी जावं, राजधानीचे अवशेष बघायला म्हणून गेलात तर हाती फार लागत नाही.

मोत्तमाहून थानल्विन नदी ओलांडली की मॉलम्याइन. रेल्वे आणि रस्ता दोन्ही नेणारा हा साडेतीन किलोमीटर लांबीचा पूल २००५ मध्ये झाला. त्याआधी यांगूनची गाडी मोत्तमालाच संपायची आणि पुढे होडी. इंग्रजांनी पहिल्या इंग्रज-ब्रह्मी युद्धानंतर १८२६ मध्ये हा भाग घेतला आणि १८५२ पर्यंत त्यांचा कारभार याच गावातून चालला. सागवान नदीतून वाहत यायचं, इथे जहाजं बांधली जायची. भारतातून माणसं येत राहिली, व्यापारी, कारकून, हमाल. त्यांच्या मशिदी आणि देवळं अजून उभी आहेत. नदीकाठच्या रस्त्यावर जुन्या दुमजली घरांचे पत्रे गंजलेले, पण खालच्या मजल्यावर दुकान सुरूच.

गावाच्या पाठीशी टेकडीची रांग आहे आणि तिच्यावर ओळीने पॅगोडे. च्याइकथानलान सगळ्यात उंच. तिथून खाली नदी, पलीकडे बिलू बेट, आणि टेकडीच्या पायथ्याशी इंग्रजी काळातला तुरुंग, गोल आखणीचा. पण मी ज्याच्यासाठी दोनदा वर चढले ते सैंदोन मिबया चाउंग, म्हणजे सैंदोन राणीचा विहार. ही राणी थिबाचा बाप मिंदोन राजा याची. थिबा गादीवर आल्यावर मंडालेत राजघराण्यातल्या माणसांची कत्तल झाली, आणि ती मॉलम्याइनला, इंग्रजांच्या हद्दीत, आश्रयाला आली. पुढे तोच थिबा कैदी होऊन माझ्या गावात आला. मी ज्याच्या राजवाड्याच्या आवारात खेळले त्याच्या भीतीने पळालेल्या बाईने बांधलेल्या सागवानी दालनात मी उभी होते. खांब, छताच्या कडा, दारांच्या चौकटी सगळं कोरलेलं. कितीतरी ठिकाणी पावसाने कोरीवकाम झिजून मऊ झालं आहे, काही आकृत्यांचे चेहरे उरलेच नाहीत. एका वृद्ध भिक्षूंनी दार उघडून दिलं, पंखा लावला आणि आम्हाला केळी दिली. डागडुजीसाठी दानपेटी आहे. तिच्यात टाकलेल्या पैशांचं मला खरंच समाधान वाटलं.

त्याच आठवड्यात मोन राष्ट्रीय दिन होता. हंसावती नगरीच्या, म्हणजे आजच्या बगोच्या, स्थापनेची आठवण म्हणून तबोद्वे महिन्याच्या पौर्णिमेनंतरच्या दिवशी तो पाळतात. पुरुषांच्या लाल चौकड्याच्या लुंग्या आणि पांढरे सदरे, बायकांच्या लाल लुंग्या आणि पांढऱ्या चोळ्या. झेंड्यावर सोनेरी हंस. हंसाची कथा अशी: समुद्रातून वर आलेल्या एका लहानशा खडकावर हंसांची जोडी उतरली. जागा एकालाच पुरणारी, म्हणून मादी नराच्या पाठीवर बसली. बुद्धाने ते पाहून इथे पुढे मोठं राज्य होईल असं सांगितलं. मोन घरांच्या भिंतींवर, कॅलेंडरांवर, विहारांच्या खांबांवर हा हंस दिसत राहतो.

बिलू बेटावर आम्ही दिवसभरासाठी गेलो, तीनचाकी गाडी ठरवून. पूर्वी होडीने जावं लागायचं. २०१७ मध्ये पूल झाला आणि त्या पुलाच्या नावावरून मोठा वाद पेटला. सरकारने ब्रह्मी स्वातंत्र्यलढ्याचे नेते आउंग सान यांचं नाव दिलं, मोन लोकांना आपल्या जागेचं नाव हवं होतं. मोर्चे निघाले, आणि त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत सत्ताधारी पक्षाने ही जागा गमावली. आमचे चालक पन्नाशीचे मोन गृहस्थ होते. त्यांना आम्ही सगळ्यांसारखं 'अको', म्हणजे दादा, म्हणायचो. पुलावर त्यांनी गाडी बाजूला घेतली नाही, पण हात वर करून पाटीकडे दाखवलं आणि म्हणाले, "आमच्या नदीवर आहे, आम्हाला विचारलं नाही."

बेटावर भातशेती आणि छोटे कारखाने. कारखाने म्हणजे घराच्या ओसरीवर चालणारं काम. एके ठिकाणी शाळेच्या पाट्या घासत होते, दुसरीकडे लेथवर काठ्यांच्या मुठी आणि तंबाखूच्या चिलमी. काथ्याच्या चटयाही होतात. मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ते रबरबँडच्या ओसरीवर. लाकडी चौकटीला ओळीने गुळगुळीत दांडे खोचलेले. बाईंनी चौकट उलटी करून रंगवलेल्या चिकाच्या पिंपात बुडवली, वर काढली, ओघळ थांबेपर्यंत तिरकी धरली आणि उन्हात उभी केली. असे थरावर थर. वाळल्यावर दांड्यावरून रबराची नळी मोज्यासारखी उलटी ओढून काढायची. आतली बाजू चिकटू नये म्हणून पावडर लावायची. मग पात्याखाली धरून खटाखट काप, आणि खाली टोपलीत लाल, हिरव्या, पिवळ्या चकत्यांचा ढीग. त्यांची बारा-तेरा वर्षांची मुलगी शाळेतून आली. तिच्या पिशवीत मोन भाषेची बालपोथी होती. शाळेत ब्रह्मी, आणि मोन उन्हाळ्याच्या सुट्टीत विहारात, भिक्षूंकडे. मी विनंती केली तेव्हा तिने अक्षरं म्हणून दाखवली. क, ख, मग ग आणि घ च्या जागी पुन्हा क-ख सारखाच आवाज, पण श्वास सोडत, खालच्या पट्टीत, आणि मग ङ. पुढे च-छ ची ओळ. क्रम तोच, जो मी बालवाडीत पाटीवर गिरवला. मीही माझा क-ख-ग-घ म्हटला. ती प्रत्येक अक्षराला बोट ठेवत गेली आणि ओळ संपल्यावर आईकडे बघून काहीतरी भराभर बोलली. अकोंनी सांगितलं, "ती विचारतेय, तुमच्याकडे हे कुणी शिकवलं?"

जेवणाचं थोडक्यात. भात, माशाचं तेलकट कालवण, कच्च्या भाज्या आणि वासाची खारवलेल्या माशांची चटणी, हे सगळीकडे. अंबाडीचा पाला मात्र आमच्यासाठी पर्वणी होता, लसूण-मिरची घालून परतलेला. शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही, पण रश्शात मासळीचं पाणी नाही ना, हे दरवेळी विचारावं लागतं.

मुदोनजवळचा विन सैन तोया हा झोपलेला बुद्ध सुमारे १८० मीटर लांब आहे, आत मजल्यांवर नरकाचे आणि जातककथांचे पुतळे आहेत, आणि काम अजून पुरं झालेलं नाही. लोक आवर्जून जातात. माझं मन तिथे रमलं नाही.

थानब्युझायातला जाताना मी पूर्ण गप्प होते. मॉलम्याइनहून साठ-पासष्ट किलोमीटर दक्षिणेला हे गाव. दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराने थायलंडमधून ब्रह्मदेशात ४१५ किलोमीटरची रेल्वे टाकली, तिचं पश्चिमेकडचं टोक इथे. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये ती जोडली गेली. युद्धकैद्यांची दफनभूमी अतिशय निगुतीने राखलेली आहे. ३,१४९ राष्ट्रकुलातले आणि ६२१ डच सैनिक तिथे आहेत. हिरवळ कापलेली, बुटक्या दगडांवर पितळी पट्ट्या, नाव, वय, रेजिमेंट, घरच्यांनी लिहून पाठवलेली एखादी ओळ. मी रांगांमधून वाचत गेले. बावीस, चोवीस, एकोणीस.

पण त्या रेल्वेवर मेलेल्यांत बहुसंख्य हे नव्हेत. युद्धकैदी बारा हजारांवर मेले. आशियाई मजूर नव्वद हजारांच्या आसपास मेले असा अंदाज केला जातो. ब्रह्मी, मोन, मलय, जावाचे, आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांतून आणलेले तमिळ. त्यांना कॉलऱ्याने, उपासमारीने, मारहाणीने मरण आलं आणि ज्या जंगलात पडले तिथेच ते राहिले. त्यांच्या नावांची पट्टी नाही, कारण नावं कुणी लिहून घेतलीच नाहीत. जवळच २०१६ मध्ये सुरू झालेलं संग्रहालय आहे, बाहेर रुळाच्या तुकड्यावर जुनं जपानी इंजिन. तिथे मजुरांचे पुतळे आहेत, त्यामुळे त्यांची निदान आठवण होते. युद्धाच्या इतिहासात भारतीय म्हणजे सैनिक, हे आपण शिकतो. मळ्यावरून उचलून नेलेल्या मजुरांबद्दल मी शाळेत एक ओळ वाचली नव्हती. आपल्या पाठ्यपुस्तकांत ती असायला हवी.

तिथून च्याइक्कामी जवळ आहे. समुद्रात बांधलेला येले पॅगोडा, भरतीला पाणी त्याच्या पायऱ्यांवर चढतं. आत गाभ्याशी पुन्हा तीच अट, बायकांनी अलीकडे थांबायचं. सेत्सेचा किनारा ओहोटीला दूरवर तपकिरी चिखल, मागे सुरूची झाडं. निळ्या पाण्याची अपेक्षा ठेवून या आखातात येऊ नये. तीन नद्या इथे गाळ आणून ओततात.

हे सगळं आज असं करता येणार नाही. आम्ही गेलो तेव्हा मोन लोकांचा सशस्त्र पक्ष आणि लष्कर यांच्यात युद्धबंदी होती, म्हणून आम्ही निर्धास्त फिरलो. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता हिसकावली आणि देशभर लढाई पेटली, या किनाऱ्याजवळही. २०२४ मध्ये मोन पक्षातला एक गट फुटून लष्कराविरुद्ध उभा राहिला. त्याच वर्षी सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा अमलात आला आणि तरुण मुलंमुली मोठ्या संख्येने थायलंडला गेली. कुणी विचारलं तर मी सध्या जाऊ नका असंच सांगते. मोन लोकांना भेटायचं असेल तर थायलंडमध्येही भेटता येतं. बँकॉकजवळचं को क्रेत हे कुंभारांचं बेट त्यांचंच आहे. आमचं मात्र संख्लाबुरीचं ठरलं आहे. सीमेलगतच्या या गावात ब्रह्मदेशातून आलेल्या मोन कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि थानब्युझायातहून निघणारी ती रेल्वे त्याच भागातून, तीन पॅगोड्यांच्या खिंडीतून जात होती. या खेपेला तो मार्ग पलीकडच्या बाजूने बघायचा आहे, आणि मजुरांच्या छावण्या कुठे होत्या ते तिथल्या जुन्या माणसांना विचारायचं आहे.